सारंग कुठं बघत होता?

बसा मंडळी, बसा! पुढं या, पुढं जागा आहे. आज देवापुढं एक साधा प्रश्न ठेवणार आहे. माणूस आयुष्यभर ज्याची वाट बघतो, ते समोर येऊन उभं राहिलं तर त्याला ओळखू येतं का? माना डोलवू नका लगेच! आधी ऐका.

आपल्याच किनाऱ्यावरच्या एका गावातली गोष्ट. जगन्नाथ भाटकर जहाजावर सारंग होते. सारंग म्हणजे कोण? डेकवरच्या खलाशांचा मुकादम! वर्षाचे दहा महिने पाण्यावर, उरलेले घरी. आणि त्यांची बायको इंदूकाकी – बारा महिने घरी! सासू-सासरे, पोरं, गाय, आंब्याची दोन कलमं, सगळं एकटीच्या डोक्यावर.

जहाज परतीला लागल्याचा निरोप आला, की काकी अंगण सारवायची. कुळीथ दळून आणायची. केसांत सुरंगीचा वळेसर माळायची – आणि उभी कुठं राहायची? मागच्या दारात! पुढच्या दारात उभी राहिली तर गाव हसेल ना! काय दिवस होते हो ते... नवऱ्याची वाट बघायची, तीही चोरून!

सारंग यायचे. आठवडाभर घरात नुसती दिवाळी. पण मग काय व्हायचं? रोज संध्याकाळी हा माणूस किनाऱ्यावर जायचा नि पाण्याकडे बघत उभा राहायचा. काकी ओट्यावरून बघायची. तिच्या मनात एक काटा रुतला – ‘हा माझ्याकडे पाहुणा आहे. याचं खरं घर ते पाणी.’ विचारलं का कधी? छे! काटा रुतलेलाच. पोरं मोठी झाली, लग्नं झाली, सारंग निवृत्त झाले, तरी काटा आहे तिथंच!

मग मुलानं काय करावं? आई-बापाला क्रूझवर पाठवलं! पर्यटनाचं जहाज हो. मुंबईहून निघायचं, पार युरोपच्या बाजूला जाऊन, बंदरं बघत बघत परत. काकीनं डोक्याला हात लावला. “जन्मभर त्या जहाजानं माझा नवरा नेला, आता मलाही न्यायला आलं का?”

पण गेली! आणि काय ते जहाज, मंडळी! सात मजली! सकाळपासून खाणं – इथं खा, तिथं खा, खाऊन झालं म्हणून खा! वरच्या मजल्यावर पोहायचा हौद. काकी म्हणाली, “चहूकडे एवढा समुद्र, नि ही माणसं हौदात डुंबतात?” हसू नका! आपणही घरातला देव सोडून गर्दीतल्या रांगेत उभे राहतोच की.

सारंग मात्र जहाजावर पाऊल टाकताच वीस वर्षांनी तरुण झाले. दोरखंडाला हात लावून बघ, खलाशांशी गप्पा मार, वाऱ्याचा वास घे. तेही हसत! काकी बघायची, नि काटा आणखी आत जायचा. ती मनाशी म्हणाली, ‘आता प्रवासाचे शेवटचे दिवस येऊ देत. यांचा चेहरा उतरला, की समजेन – माझा संशय खरा होता.’

आणि आले शेवटचे दिवस! आता मध्ये बंदर नाही, नुसतं पाणी. जहाजावरचं सगळं वातावरण पालटलं. ओळखी झालेली माणसं एकमेकांचे फोन नंबर घेऊ लागली, बॅगा पलंगावर आल्या. आणि सारंग? पुढ्यातला शिरा तसाच ठेवला. गुळगुळीत दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि पार पुढं जाऊन कठड्याला धरून उभे राहिले. पहिला दिवस असाच. दुसरा दिवसही असाच. काकी लांबून बघतेय. जन्मभराचं उत्तर मिळालं होतं तिला! काय वाटलं असेल हो त्या बाईला?

दुपारी ती तरातरा गेली. इतक्या वर्षांचं सगळं ओठावर आलं.

“एवढं जिवावर येतंय ना जहाज सोडायचं? मग राहा इथंच! मी जाते एकटी. सवय आहे मला!”

सारंग चमकून वळले. “अगो, काय बोलतेस?”

“खरं तेच बोलते! घरी असलात तरी डोळे पाण्याकडे. रोज संध्याकाळी किनाऱ्यावर कोण उभं राहायचं?”

“उभा राहायचो गो, पण भीतीनं! पुन्हा बोलावणं येणार म्हणून. रविवारी संध्याकाळी पोर दप्तराकडे बघतं ना, तसा बघायचो.”

काकीचा कमरेवरचा हात खाली आला.

“आणि जहाज घराकडे वळलं, की माझं हे असंच व्हायचं. अन्न जायचं नाही. दाढी करायची, बरा शर्ट घालायचा, नि इथं पुढं येऊन उभं राहायचं. खलाशी पोरं थट्टा करायची – सारंग, अजून किनाऱ्याचा पत्ता नाही, नटलात कुणासाठी? काल सकाळी पाय आपले आपणच इकडं आले बघ. दोन दिवस उभा आहे. बघतोय, बघतोय... नि आता तू ओरडलीस तेव्हा डोक्यात उजाडलं. किनाऱ्यावर आता माझं कोण आहे? जिला बघायला मी इथं उभा राहायचो, ती तर माझ्या मागं उभी आहे!”

काकी रडली हो! तिथंच, चार परक्या माणसांत, पदर तोंडाला लावून रडली. मग म्हणाली, “हे मला आधी का नाही सांगितलंत?”

सारंग म्हणाले, “तू कधी विचारलंस?”

ऐकलंत मंडळी? एका घरात दोन माणसं, एकमेकांसाठी झुरत जन्म काढला – एकानं सांगितलं नाही, दुसरीनं विचारलं नाही! आणि आपलं काय वेगळं आहे? नारायणाला शोधत आपण लांब नजर लावून बसतो. तो मागं उभा असतो, रोज गरम भाकरी वाढत असतो, दुखलं-खुपलं बघत असतो – पण आपण वळायला तयार नाही!

केस पांढरे झाले बऱ्याच जणांचे इथं. आपलंही जहाज वळलंय, बंदर फार लांब नाही. तेव्हा आरतीआधी एक करा. पुढच्या रांगेतल्या पुरुषमंडळींनो, मागं तुमच्या बायका बसल्यात. एकदा वळून बघा त्यांच्याकडे. अहो, लाजता काय? वळा! मी थांबतो. देव काय, तोही थांबेल.