सुएलोचा सूड

...नाही, मला सांगा, एकदा मासा गार झाला म्हणून माणसानं जगभर बोंब मारायची? एकदा! अहो, एकदाच! तुम्हाला सांगतो, दिवेआगरात माझी सुपारीची वाडी, वाडीतल्या घरात माडीवर पाहुण्यांना तीन खोल्या, स्वयंपाक आमच्या हिचा, कमळचा. स्पेनचा एक हावियेर आला. गरम सुरमई ताटात वाढली, आणि हा पठ्ठ्या किनाऱ्यावर तासभर फोटो काढत बसला! गार नाहीतर काय होणार? घरी जाऊन नेटवर लिहिलंन्, एकच तारा, वर स्पॅनिशमध्ये 'सुएलेन' काहीतरी. माझी पुतणी रुचिता पुण्यात स्पॅनिश शिकते, तिला विचारलं. म्हणते, "काका, 'सुएलेन' म्हणजे 'नेहमी करतात'. लिहिलंय, हे लोक नेहमीच मासे गार वाढतात." नेहमीच? एकदा! अहो, एकदाच!

असा पेटलो! म्हटलं, त्याच्याच भाषेत त्याची जिरवतो. "शिकव मला ते क्रियापद!" रोज दुपारी व्हिडिओ कॉल. मी सुएलो, तू सुएलेस, तो सुएले... आणि 'आम्ही' आलं की एकदम सोलेमोस! नारळ सोलताय काय रे? बरं, म्हटलं, "लिही, यापुढे तू कायम उपाशी झोपत जाशील!" तर म्हणते, "काका, याला भविष्यकाळच नाही." "मग हुकूम सोड, वेळेवर जेवत जा!" "आज्ञार्थही नाही." आता बोला! आमची कमळ तर दिवसभर आज्ञार्थातच असते... पाय धूत जा, दिवे घालवत जा!

पुढे रुचिताची परीक्षा आली, फोन बंद. मला कुठला धीर! वर्तमानकाळात मीच ठोकून दिलं, 'तू नेहमी उशिरा येतोस आणि खोटं बोलतोस.' त्याच्या त्या एका ताऱ्याखालीच नेटवर पाठवलं. त्या दिवशी काय जेवलोय मी, काय जेवलोय!

तिसऱ्या दिवशी रुचिताचा फोन, हसून हसून बोलवेना तिला. "काका, 'सुएलेस'च्या जागी 'सुएलो' लिहिलंत! 'मी नेहमी उशिरा येतो आणि खोटं बोलतो', खाली तुमचं नाव, फोटोसकट!" चुकलो हो... पण एकदा! अहो, एकदाच!

आणि हावियेरचं उत्तर? 'इतका प्रामाणिक यजमान जगात पाहिला नाही.' एकाचे पाच तारे केलेन्! डिसेंबरात बायको, सासू, दोन मेहुणे घेऊन येतोय, पंधरा दिवस. सासूचे गुडघे दुखतात, तिला खालचीच खोली हवी. खालची खोली आमची... आम्ही दोघं पडवीत झोपणार.