दोन नंबरचा आवाज

हो, बसा ना बाई, पण त्या स्टुलावर नको, त्याला ग्रीस लागलंय. कॅमेरा राहू द्या पिशवीतच – घाई काय आहे, पंप कुठे पळून जात नाहीत. तर तुमचं म्हणणं, पहिल्या फिल्मसारखी आणखी एक करू. करू की. पण पहिलीचं पुढे काय झालं ते कुणी सांगितलं का तुम्हाला? नसेलच. प्रशिक्षणवाल्यांना कोण सांगणार. त्यात मी पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवतो, मूठ कानामागच्या हाडाला लावतो आणि ऐकतो – आणि त्याआधी पेचकस फडक्याला पुसतो. का पुसला? हाताला घाम होता, दिवे लावले होते ना तुमच्या माणसांनी, भट्टीसारखे. मग फिल्म बघून इथे चार जण आले, तर चौघांनीही आधी पेचकस पुसला. कोरडा ठणठणीत पेचकस, तरी पुसला. काय ऐकू आलं, म्हटलं, तर एकमेकांची तोंडं बघतात. त्यांचा तरी काय दोष? पंपाचा आवाज काढून वर बासरी घातलीय. आवाजाचं काम, आणि आवाजच नाही – असो, वाईट वाटून घेऊ नका, तेव्हा तुम्ही नव्हता.

त्या चौघांतली एकच टिकली. वहीवाली म्हणायचो मी तिला, माझ्या सुनेच्या वयाची. सगळं वहीत उतरवायची. मी म्हणायचो, अगं, कागदाला कान असतात का? तर म्हणायची, काका, तुमच्यासारखे कान येईपर्यंत कागदावर भागवते. झिजलेली बेअरिंगं मी डब्यात साठवलीत – ती तिच्या हातात द्यायचो, फिरव म्हणायचो. खरखर आधी बोटांना लागते, मग तीच कानाला ओळखू येते. दोन महिन्यांत कळायला लागलं तिला. मला दोन वर्षं लागली होती.

दोन नंबरचा पंप जळाला तेव्हा तीच पाळीवर होती, ते वाचलंच असेल तुम्ही. अहवालात दुर्लक्ष असं लिहिलंय म्हणे – म्हणे, कारण मी कुठला वाचणार. तीन दिवस वस्तीला पाणी नव्हतं, कुणाच्या तरी माथी मारायलाच हवं होतं. घरी बसवलंय तिला. परवा चौकशी, मग कायमचीच घरी.

नाही हो, दुर्लक्ष कसलं. आदल्याच दिवशी आली होती माझ्याकडे. काका, दोन नंबर वाळू चावल्यासारखा वाजतोय, बंद करू का? मी पेचकस लावला. म्हटलं, काही नाही, चालू दे, भास झाला तुला. ती म्हणाली, पुन्हा ऐका. मी पुन्हा ऐकलं – म्हणजे, ऐकलं कसलं – अहो, काही ऐकूच येत नाही मला. वर्ष झालं या कानाला, त्या कानाला तर त्याहून जास्त. माणसांचं ओठांवरून कळतं, तुमचंही तसंच चाललंय, मघाशी तुम्ही तोंडावर हात घेतलात तेव्हा मी नुसतीच मान हलवली. पण पंपाला ओठ नाहीत. आणि बत्तीस वर्षं सगळे म्हणत आले, म्हाताऱ्याचा कान म्हणजे कान, मग सांगायचं कुठल्या तोंडाने? तिने वही माझ्यापुढे उघडी करून ठेवली. तारीख, वेळ, सगळं होतं म्हणे त्यात. मी मुंग्यांची रांग बघावी तसा बघत बसलो आणि म्हटलं, बघितलं हो.

ती वही? चौकशीत नाही दाखवणार ती. निरोप आला तिचा – काका, तुमच्या निवृत्तीला सहाच महिने राहिलेत, कशाला तुमचं नाव. आता ह्याला काय म्हणावं, सांगा.

तेव्हा फिल्म नको, बाई. कागद काढा. लिहा – तिला भास झाला नव्हता, कान माझा गेलाय. एवढंच. शाईची डबी त्या खिडकीत आहे, अंगठा देतो मी. वाचून नका दाखवू, काय सांगितलं ते ठाऊक आहे मला. झालं? मग निघा, चौकशीवाले साहेब जेवायला जायच्या आत पोचाल. इथे तीन पंप चालू आहेत आणि ऐकायला कुणी नाही.