पाण्याखालची फळी

आमी सुतार, आंदर मावळातले. बापानं नांगर केले, आज्यानं नांगर केले, मीबी तेच करत व्हतो. मग धरण झालं आन् पानी चढत चढत पार शिवारात आलं. आदी मधी नदी व्हती, उन्हाळ्यात गुडघाभर. तितं हे एवडं तळं झालं, पलीकडचं मानूस मुंगीवानी दिसायचं. आमची घरं अलीकडं, उरलीसुरली भाताची खाचरं पलीकडं. वळसा घालून चालत जायचं तर दिवस मोडायचा.

तवा पान्यावरनं पलीकडं जायला मी पाट केला. सावरीचं लाकूड लय हलकं, पान्यावर पिसावानी ऱ्हातं. आठ हात लांबीचं खोड तासलं, पुढनं निमुळतं करून टोक वर उचललं, करंजाचं तेल पाजलं. त्याच्यावर पालथं पडायचं आन् दोनी हातांनी पानी मारत जायचं. पन पाट सरळ जाईना, गोल फिरायचा. मग ठरलं, त्याच्या पोटाला एक उभी फळी ठोकायची, माशाला पर असतो तशी, वीतभर खोल.

आता ती कुटं ठोकायची, ह्याच्यावरनं माजं आन् धाकट्या भावाचं वाजलं. धोंडू त्याचं नाव. लाकडाला कदी हात लावला न्हाई त्यानं, म्हशी राखायचा, पन पोहायला पट्टीचा. तो म्हनला, दादा, फळी मागं लाव, पार शेवटाला. आखाडात घाटाकडनं वारं सुटतं, पलीकडनं येताना लाट मागनं उचलती, मागं धरायला काय नसलं तर पाट आडवा व्हईल. मी म्हनलो, मागं लावली तर वळायला जड जाईल, काठाला पान्यात बुडालेली झाडं हायेत, त्यातनं काढायचा कसा, मी मधी लावतो. तो म्हनला, दादा, ऐक. मी म्हनलो, सुतार मी का तू? मी मधी ठोकली.

उन्हाळाभर पाट बेस चालला. झाडाझुडपातनं कसाबी वळायचा. लोक म्हनले, हाताला गुण हाय. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आखाडात पलीकडच्या खाचराचा बांध फुटला म्हून धोंडू गेला. येताना वारं वाढलं. मी काठावर उबा, शेजारी त्याची बायको गंगू. लाटा कमरेएवड्या, एकीमागं एक. पाट येत व्हता, चांगला येत व्हता. मग एका लाटेनं मागचं टोक उचललं आन् जातं खुंट्यावर फिरतं तसा पाट त्या मधल्या फळीवर फिरला, आडवा झाला, उलटला. त्याचं टोक डोक्यात बसलं असंल, न्हाईतर तो बुडनारा गडी न्हवता. तिसऱ्या दिवशी गावला.

मी रडलो न्हाई. काय सांगू तुमाला, काय झालंच न्हाई मला. दहावं झालं, तेरावं झालं, जेवायचो, झोपायचो, लोकांचे नांगर करायचो. मला कोन काय बोललं न्हाई. आई न्हाई, गंगू न्हाई.

फुडच्या जेठात वारं सुटलं तसा मी पाट काढला. मधली फळी उपटली, मागं ठोकली, शेवटापासून वीतभर सोडून. वर मानसाच्या वजनाचे धोंडे बांधले, लांब दोर लावला आन् आत नेऊन लाटांत सोडला. सरळ आला. पन मोठी लाट आली की शेपूट उचलायचं, एकटी फळी पान्याभाईर निघायची. मग ती काढली आन् मागं दोन लावल्या, दोनी कडांना एकेक, जरा भाईर झुकत्या. पाट कलला तरी एक पान्यात ऱ्हायचीच. आठ दिवस धोंडेच तरंगवले.

एक दिवस गंगू आली. म्हनली, भावजी, म्हायेरी माजी आई हातरुनाला लागलीया, मला पलीकडं न्या. मी म्हनलो, वळसा घालून जाऊ, मी येतो संगं. ती म्हनली, तंवर आई थांबंल का? आन् पाटावर जाऊन बसली. जाताना वारं अंगावर, जीव मेटाकुटीला आला. आई भेटली तिला. तोंडात पानी घातलं, मग म्हातारी गेली.

परत येताना लाटा तशाच, कमरेएवड्या. गंगू पुढं पालथी, मी मागं. लाटेनं मागनं उचललं, पाट नीट सुटला, बानावानी. मग दुसरी, मग तिसरी. काठाला लागलो. तिनं लुगडं पिळलं आन् इचारलं, भावजी, फळी कुटं लावली? मी म्हनलो, मागं. ती म्हनली, ते सांगत व्हते. मी म्हनलो, व्हय.

लोक लय वर्सं त्याच पाटानं आले-गेले, कुनी बुडालं न्हाई. मागनं माजी आईबी गेली. आता मला डोळ्यानं कमी दिसतं, रंधा धरवत न्हाई. गंगू भाकरी करती, दोगं खातो. दिवस जातोय. तुमी लांबनं आलात, कोरा चहा घ्या, आन् उजेड हाय तंवर निघा. सुखाचे ऱ्हावा.