करुणाताईंनी लपवलेलं हालेलूया

आम्ही तसे पांढुर्ण्याकडचे, म्हणजे नकाशात मध्य प्रदेश पण घरात मराठी. बाबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर, माय तिथंच स्वयंपाकाले, अन् मी लहानपणी अशक्त, म्हणून मले शेतात नाही पाठवलं, शिकाले पाठवलं, अन् शिकता शिकता लुथरन मंडळीचा पाळक, म्हणजे चर्चचा पास्टर, झालो. लखनौले आलो तेव्हा वाटलं थोडी वर्षं राहू अन् परत जाऊ, पण काय सांगू तुम्हाले, पोरं इथंच मोठी झाली, मी मराठीत बोललो तर हिंदीत उत्तर देतात, पापा चाय पियोगे म्हणतात, अन् मी हो म्हणतो.

विकास नगरात आमचं चर्च आहे, लहानच. मंडळीत कोणी रांचीकडचा, कोणी आंध्रातला, कोणी इथलाच, उपासना सगळी हिंदीत. मराठी घर आमच्याशिवाय एकच, गायकवाडभाऊंचं. शांतवन गायकवाड, नगर जिल्ह्यातले, रेल्वेत इंजिनिअर होते, रिटायर होऊन इथंच राहिले, अन् त्यांची बायको करुणाताई. त्या करुणाताईंच्या गोष्टीनं माझं डोकं चक्रावलं आहे, तेच सांगून राहिलो.

आता तुम्ही चर्चवाले नाही म्हणून आधी हे ऐका. ईस्टरच्या आधी आमचा उपवासकाळ असतो, तेवढे दिवस आम्ही हालेलूया म्हणत नाही. देवाची स्तुती असो असा तो शब्द, पण गाण्यात नाही, प्रार्थनेत नाही, तोंडाले कुलूप. मग ईस्टरच्या सकाळी एकदम मोकळं व्हाचं. करुणाताईंनी इथल्या बायांकडून चिकनचं, म्हणजे लखनवी, भरतकाम शिकून चादरीएवढ्या कापडावर हालेलूया भरलं होतं, पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्यानं. मी म्हटलं होतं ताई, लांबून दिसत नाही, रंगीत दोरा घ्या, तर म्हणाल्या मग जवळ येऊन बघा. दरवर्षी उपवासकाळ लागला की त्या ते कापड लपवून ठेवत, कुठं ते नवऱ्यालेही सांगत नसत, अन् ईस्टरले पोरं ते शोधत. ज्याले सापडेल तो पुढं, कापड उंच धरून, मागं सगळी मंडळी गात. अन् गाण्यात पहिला आवाज गायकवाडभाऊंचा, असा की पेटी ऐकू येत नसे.

यंदा उपवासकाळातच करुणाताई गेल्या. दुपारी सब्जी चिरता चिरता बसल्या जागी गेल्या. मीच मातीविधी केला, कबरीवर माती टाकेपर्यंत सगळा.

मग ईस्टर आला. पोरांनी वेदीखाली पाहिलं, पेटीमागं पाहिलं, पाण्याच्या टाकीचं झाकण काढून पाहिलं, कापड कुठंच नाही. कोणी म्हणालं नया बनवा लेंगे, कोणी म्हणालं पास्टर साहब, ये अच्छा शगुन नहीं है. त्याच्यावर मी चिडलो, अंधश्रद्धा म्हटलं, अन् घरी येऊन मलेही तेच वाटत राहिलं. गायकवाडभाऊ गायलेच नाहीत. उपासना झाल्यावर म्हणाले, पाळकसाहेब, तिचं कापड सापडल्याशिवाय मी हालेलूया म्हणणार नाही, आणि प्रभुभोजनालाही पुढे येणार नाही. प्रभुभोजन म्हणजे वेदीपुढं येऊन भाकर अन् द्राक्षरस घेणं. मी म्हटलं भाऊ, कापडाचं अन् प्रभुभोजनाचं काय नातं. ते म्हणाले मला नाही माहीत.

ईस्टर झाला की बाकं रिकामी होतातच, दरवर्षीचं आहे ते, त्याचं मले काही वाटत नाही. पण हा माणूस दर रविवारी येऊन राहिला, पुढच्या बाकावर बसून राहिला, तोंड मिटून. अन् घरी जाऊन कपाटं उपसून राहिला. मी उपदेशात पुनरुत्थान, म्हणजे मेलेले कबरीतून उठतील हे, सांगत होतो अन् समोर ते तोंड. मले वाटलं आपणच नवीन कापड करून घ्यावं. जुन्या चौक भागातून आमच्या चर्चले येणारी रोज़ी बहन चिकनचं काम करते, तिले सांगितलं, तिनं काम सुरूही केलं, अन् एक दिवस तसंच अर्धं कापड घेऊन माझ्या घरी आली, चेहरा उतरलेला. म्हणाली पास्टर साहब, करुणा दीदी को जिस दिन दफ़नाने के लिए तैयार किया, उनके ऊपर जो सफ़ेद चादर डाली, दोहरी करके, उसमें अंदर की तरफ़ उँगलियों से कढ़ाई महसूस हुई थी, मैंने सोचा घर की कोई चादर होगी. मी विचारलं ती चादर दिली कोणी. म्हणाली गायकवाड भैया ने, अपने हाथ से, ट्रंक में से निकालकर.

आता सांगा, मी काय कराचं? सांगावं तर ह्या माणसाले वाटेल आपणच आपल्या हातानं पुरलं. न सांगावं तर मरेपर्यंत शोधत बसेल. बायकोले विचारलं, सकाळी म्हणाली सांगून टाका, संध्याकाळी म्हणाली नका हो सांगू. प्रार्थना केली, त्यातूनही काही निघालं नाही, खरं सांगतो.

शेवटी स्कूटर काढून गेलोच. तर भाऊ जमिनीवर बसून रजईची शिवण उसवत होते, आत कापड आहे का पाहाले. सगळीकडे कापूस. ते पाहून मले राहवलं नाही, सांगून टाकलं.

त्यांनी हातातली रजई खाली ठेवली. मग हसले, अन् मी घाबरलो. म्हणाले म्हणजे माझ्याच ट्रंकेत होतं. पोरं इथे कशाला येतात शोधायला, बरोब्बर जागा निवडली तिने. मग कापूस गोळा करत म्हणाले, ठीक आहे पाळकसाहेब, जिने लपवलं ती घेऊनच उठेल. तेव्हा म्हणू, तिच्याबरोबर.

पुढच्या रविवारी ते प्रभुभोजनाले पुढं आले, दोन्ही हात पसरले, मी भाकर ठेवली. पण हालेलूया आलं तसं तोंड पुन्हा मिटलेलं. आता हा विश्वास समजू का बायकोवरचा रुसवा समजू? इतकी वर्षं हेच शिकवतो मी, अन् मले समजत नाही. रोज़ी बहन विचारते बाक़ी कर दूँ या रहने दूँ, तिले म्हणतो रुको ज़रा.

रविवारी हालेलूया म्हणाची वेळ आली की मी भाऊंकडे पाहतो. ते खाली फरशीकडे पाहत असतात, एखादी बाई आतून हाक देईल म्हणून थांबल्यासारखे. माझीही नजर खाली जाते. मग म्हणतो मी, म्हणावंच लागतं, पाळक आहे, पण आजकाल हळू म्हणतो, न जाणो खालून कोणी सुरू केलं तर ऐकू आलं पाहिजे. बसा, चहा घेऊन जा, देव तुमचं भलं करो.