तुटलेल्या गुडघ्याची कीर्ती

...आणि वर मलाच विचारतात, "सर, एवढं नाव झालंय, मग चिडता कशाला?" अहो, चिडू नको तर काय नाचू? तुम्हाला सांगतो, मी कृत्रिम गुडघे बनवतो, उभं आयुष्य गुडघ्यांत गेलं, आणि त्यातला एक गुडघा यंत्रावर चालवून बघताना तुटला, माणसाला बसवायच्या आधीच, नशीब... आणि मी, प्रामाणिकपणाचा पुतळा, 'तुटला' असा शोधनिबंध लिहून मोकळा झालो. झालं! आता गुडघ्यावर जो उठतो तो लिहितो, 'असा बनवू नये, पाहा अमुक.' तो अमुक म्हणजे मी! आणि किती जणांनी नाव घेतलं यावर विद्वत्ता ठरते, तेव्हा मी महाविद्वान. मी नाही म्हणत, आकडा म्हणतो.

मग दुसरा गुडघा केला. तो नाही तुटला. माझ्या सख्ख्या मावशीच्या पायात आहे, तीन मजले चढते, सुनेशी भांडते, पुन्हा खाली उतरते. पण जो तुटतच नाही त्याच्यावर लिहायचं काय, आणि कुणी? म्हणून तो गुडघा बिनकामाचा. मी नाही म्हणत, आकडा म्हणतो.

तर प्राध्यापकपदाची मुलाखत. या पदासाठी केस पांढरे केलेत मी. अध्यक्ष नाकातून म्हणतात, "वाऽऽ, सगळं जग तुमचं नाव घेतंय." म्हटलं, "साहेब, शिव्या घालतंय." "घालू द्या हो, मोजणीत येतात." म्हटलं, "मग चांगला गुडघा मोजा, मावशी चालते त्यावर." तर म्हणतात, "मावशींनी तसं कुठे छापलंय का?" ...फिरलं ना डोकं! पेन काढलं आणि अर्जातला तो निबंध त्यांच्यादेखत खोडला. म्हटलं, पद द्यायचं तर चालणाऱ्या गुडघ्यावर द्या, तुटक्यावर मला नको. घरी बायको म्हणते, "अहो, गप्प बसला असतात तर?" बसलो असतो... पण मावशीला काय तोंड दाखवलं असतं?

गेलं पद. मिळालं कुणाला? माझ्याच जुन्या विद्यार्थ्याला. हुशार आहे, वादच नाही. सगळं संशोधन एकाच प्रश्नावर: सरांचा गुडघा का तुटला. आता तोच माझा साहेब. परवा रजेवर सही घ्यायला गेलो, तर बिचारा उठून उभा राहिला, मला खुर्ची दिली, सही केली आणि हळूच म्हणतो, "सर, पुढचं काही तुटलं तर आधी मला सांगा हं."

सांगेन म्हटलं... आपलाच पोरगा आहे.