विषय उपसमितीकडे

नाही नाही, ईश्वरीताई, पत्रिकेवर व्याख्यानाचं शीर्षक बदलू नका — ‘उदारमतवादाचं भवितव्य’, हेच ठेवा. भवितव्य कसलं, राहिलंय काय त्याचं, ते मी तासाभरात सांगेनच. तुमच्या वाचनालयात चाळीस माणसं तरी येतील ना? — अर्धी पेन्शनर असतील, झोपतील. झोपू देत. उदारमतवाद कशाने मेला विचाराल तर — घ्या, चहा घ्या — माणसांच्या दर्जाने मेला. वाचन नाही, विचार नाही, सकाळी उठून व्हॉट्सॲपवर आलेलं पुढे ढकललं की झालं यांचं राजकारण. लांब कशाला जायचं, आमची सोसायटी घ्या. कोपरखैरण्यातली शिकलेली म्हणवणारी माणसं — आणि गेल्या रविवारची सभा बघायला हवी होतीत तुम्ही! मी अध्यक्ष, म्हणून बसावं लागलं.

विषय साधा. दुसऱ्या मजल्यावरच्या वैशालीबाईंनी फ्लॅट भाड्याने दिला — एका नर्सला, शेख म्हणून. एकटी बाई, हॉस्पिटलात ड्युटी. सामानाचा टेम्पो गेटवर उभा, ती टेम्पोत बसलेली, आणि आत हे लोक — ‘सोसायटीचं वातावरण’, ‘आज एक आली की उद्या दहा’ — ही भाषा चक्क आमच्या इंजिनियर इंद्रजितच्या तोंडी! मला किळस आली. खरंच आली.

त्यात तो हौसेराव उठला. तळमजल्यावर राहतो — साताऱ्याकडचा, मार्केटात तीस वर्षं कांद्याच्या गोण्या वाहिल्या, सही करताना अजून जीभ बाहेर येते. म्हणतो, ‘बाई आजाऱ्याचं हागणं-मुतणं काढती, अन् तिला आपल्यात ऱ्हायला जागा नाय? लाज वाटू द्या.’ हा काय युक्तिवाद झाला? घटनेतलं कलम सांगायचं — तर याचं आपलं हागणं-मुतणं! वर माझ्याकडे बोट करून, ‘सायेब, तुमी पेपरात लिवता, त्येच हितं बोला की.’ मला शिकवतोय!

बोललो ना मी. शांतपणे बोललो — दोन्ही बाजूंच्या भावनांचा आदर राखून विषय उपसमितीकडे पाठवू. टाळ्या पडल्या. इंद्रजितनेसुद्धा वाजवल्या — याला म्हणतात संवाद. हौसेराव मात्र सभा टाकून उठला, गेटवर गेला, त्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसला, आणि बोनकोड्यात ओळखीच्याकडे तिला खोली बघून दिली म्हणे. तिचं कपाटही स्वतःच पाठीवर घेऊन वर चढवलं, या वयात. हमालच तो — दुसरं काय येणार?

मतदान? झालं की, मी बोलायच्या आधीच झालं. हात वर करून. चौदा-चौदा. — हो, समसमान झाली की अध्यक्षाला एक जादा मत असतं, माहीत आहे मला, नियम मीच वाचून दाखवलाय त्यांना. पण वापरलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय? मला याच लोकांत राहायचंय — वैशालीबाईंशी लिफ्टमध्ये कुणी बोलत नाही आता, बघतोय ना मी — उद्या माझ्याशीही... ते सोडा. तत्त्व असं, की अध्यक्षाने —

पत्रिका कशाला परत घेताय? हौसेरावचा दरवाजा कुठला? — का, तो देणार व्याख्यान? तुमच्या चाळीस माणसांपुढे? ... बरं. तळमजला, जिन्यालगत. जा. आणि जाताना दार ओढून घ्या.