पाट्यांची अदलाबदल

...आणि वर मलाच म्हणतात, ओपल, तू देशाशी खेळलीस! देशाशी? अहो, मी दोन पाट्या उपटल्या, बायांनो, तारेच्या पायांच्या, गवतात खोचायच्या! तुमच्याही अंगणात असतील की, निवडणूक आली म्हणजे आपल्या ओहायोत फुलांपेक्षा पाट्याच जास्त उगवतात. मी काय केलं, तर आमची उपटून समोर खोचली आणि समोरची आणून आमच्या दारात लावली, बस्स. आता यात माझं काय चुकलं?

तुम्हाला सांगते, समोरचं घर माझ्या धाकट्या भावाचं, मर्लचं. आई गेली तेव्हा तो एवढासा होता, माझ्याच कडेवर वाढला. माझ्या नवऱ्याची, वेंडेलची आणि त्याची जोडी म्हणजे काय विचारता! जन्मभर दोघं एकाच शेगडीच्या कारखान्यात, एकाच मशीनवर. मग कारखाना बंद पडला. वेंडेल लाल पक्षाचा, तो म्हणतो निळ्यांनी बुडवला; मर्ल निळ्या पक्षाचा, तो म्हणतो लालवाल्यांनी बुडवला. आता तिथं कबुतरं राहतात, ती काही बोलत नाहीत, म्हणून सुखी आहेत बिचारी!

भांडायचे, पण हसून हो! मग दोघांनी वेगवेगळी चॅनेलं लावली, सकाळपासून निजेपर्यंत. खाली ती पट्टी पळतेच आहे, ‘ताजी बातमी, ताजी बातमी’... अगं, सकाळची बातमी संध्याकाळी ताजी कशी? मी असली भाजी वाढली तर वेंडेल ताट सरकवील! आणि ते टायवाले तज्ज्ञ! एक म्हणाला, आयात कर वाढवलाय, पण काळजी नको, तो परदेशी लोक भरणार. बरं बाई, म्हटलं. मुरंब्याच्या बरण्यांची झाकणं आणायला गेले तर झाकणं बरणीपेक्षा महाग! पत्रा बाहेरून येतो म्हणे. मी रांगेत मागं-पुढं बघितलं, एखादा परदेशी दिसतोय का पैसे भरायला... कुणी नाही हो, मीच होते!

तर गेल्या थँक्सगिव्हिंगला, सणाच्या जेवणात टर्की कापता कापता, वेंडेल म्हणाला, “तुमच्यासारख्यांनीच वाटोळं केलं!” मर्ल म्हणाला, “तुमच्यासारखे म्हणजे कोण रे? मी मर्ल आहे!” आणि उठला, टोपी घातली, गेला. तेव्हापासून बोलणं बंद. समोरासमोर वऱ्हांडे, पण हा डावीकडं बघतो, तो उजवीकडं. आणि एक दिवस त्याच्या पोरीचा, ट्रिनाचा फोन. “आत्या, बाबांना इकडं ॲरिझोनाला नेते, खोकी भरायला घेतलीत त्यांनी.” माझ्या हातातली उलथणी खाली पडली. या वयात ॲरिझोनाला गेलेलं माणूस परत येतं होय? मग मी केलं ते केलं. आता यात माझं काय चुकलं?

भर संध्याकाळी केलं, लपून नाही. दोन्ही टीव्हींवर वादविवाद चालला होता, दोघं त्यात इतके गुंग, की मी घराचं छप्पर उचलून नेलं असतं तरी म्हणाले असते, ओपल, वारा येतोय, दार लाव!

आता गंमत बघा. पाटीचं तोंड रस्त्याकडं, घराकडं नुसती कोरी पाठ. गाड्या मागच्या गल्लीत, म्हणजे पुढच्या दारानं जातंय कोण? आपल्या दारात काय लागलंय हे आपल्याला दिसतच नाही, दिसतं समोरच्याचं!

सकाळी वेंडेल खिडकीशी गेला आणि तिथंच थिजला. मर्लच्या दारात लाल पाटी! चष्मा पुसला, परत बघितलं. मला वाटलं आता नाचणार. तर मेल्यानं टीव्ही बंद केला आणि हळूच म्हणाला, “अगं... त्यानं माझ्यासाठी केलं गं. मी एवढं लागट बोललो, तरी.” माझ्या तर घशात टोस्ट अडकला! मग म्हणाला, “मुरंब्याची एक बरणी देऊन ये त्याला. मी दिली म्हणू नकोस.”

गेले बरणी घेऊन. तिकडं मर्ल खिडकीशी, डोळे लाल. “ताई, वेंडेलनं निळी पाटी लावली गं! तो असला हट्टी माणूस... त्याला बरं आहे ना? डॉक्टरला दाखवलंस का?” मी तोंडावर रुमाल धरला, त्याला वाटलं मी रडतेय. होतेही म्हणा, थोडी.

गावात तोंडावर कुणी काही विचारत नाही, आपली माणसं फार सभ्य. न्हावी वेंडेलला म्हणाला, “हिंमत लागते हो असली पाटी लावायला.” वेंडेलला वाटलं कौतुकच करतोय. पण आमची शेजारीण पॉलीन! तिनं पडद्याआडून सगळं बघितलं आणि कळवलं चॅनेलवाल्यांना.

आली गाडी, डोक्यावर तबकडी घेऊन! एक पोरगी उतरली, केस असे बसवलेले की वादळ आलं तरी आधी परवानगी मागेल. रस्त्याच्या मधोमध उभी राहून सांगते, “एका रात्रीत मन बदललेली ही गल्ली!” आणि स्टुडिओतला तज्ज्ञ तिकडून समजावतोय, “हे आयात कराचे परिणाम. ओहायोचा मतदार खोल विचार करतोय.” खोल! अहो, तारेचे पाय वीतभर सुद्धा गेले नव्हते जमिनीत!

पोरीनं दोघांना रस्त्यात बोलावलं. मी दाराआड. दोघं उतरले, एकमेकांकडं बघून गालात हसले, आणि ती म्हणाली, “आता आपापल्या घराकडं वळून उभे राहा.”

वळले.

देवा रे! वेंडेलच्या दारात निळी, मर्लच्या दारात लाल!

मग वेंडेल म्हणाला, “म्हणजे तू पाटी बदलली नव्हतीस?”

“मेलो तरी नाही. तू?”

“मला वेड लागलंय काय?”

“मग मुरंबा कशाला पाठवलास?”

“तुला कुणी सांगितलं मी पाठवला?”

“झाकणावर तुझ्या अक्षरात माझं नाव आहे, गाढवा.”

वेंडेलनं पायाकडं बघितलं. म्हणाला, “मला वाटलं, तू माझ्यासाठी केलंस.” मर्ल म्हणाला, “मलाही तेच वाटलं रे.” आणि तो कॅमेरा चालू असताना दोन म्हातारे भर रस्त्यात एकमेकांच्या गळ्यात! पोरीला कळेना याचा अर्थ आयात कराशी कसा लावायचा.

आणि मग एकदम वळले. दोघं. एका सुरात. “ओपल!!”

खोकी सुटली, बायांनो. ट्रिनाला कळवलं, ॲरिझोना तिथंच आहे, पळून जात नाही. आता रोज दोघं आमच्या वऱ्हांड्यात कॉफी पीत बसतात. माझ्याशी मात्र बोलत नाहीत. देशभर टीव्हीवाले शोधतायत ना, लाल-निळ्यांचं कशावर तरी एकमत होईल का म्हणून? झालंय हो, आमच्या वऱ्हांड्यात झालंय... की सगळं त्या ओपलमुळं!